टाकीच्या तोंडाशी

चर्चमधल्या प्रार्थनेत, आम्ही इतरांना क्षमा करतो, ही ओळ आली की मी गप्प व्हायचे. आधीचं म्हणायचे, नंतरचं म्हणायचे, मधलं तेवढं गिळून टाकायचे. माझ्या शेजारी सासूबाई बसतात आणि त्यांच्या पलीकडे भाऊजी, म्हणजे माझा दीर. सासूबाईंचे कान भारी तिखट. माझा आवाज थांबला रे थांबला की त्या आपला चढवायच्या, सुनेचा वाटाही आपणच भरायचा असल्यासारख्या. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. भाऊजी मात्र मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहायचे. मी कोणामुळे गप्प होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी तर मी अख्खी प्रार्थनाच गिळून टाकली. आदल्या दिवशी मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, सोमवारी मागच्या टाकीतला गाळ काढायचा. आत तुमचे भाऊजी, तोंडाशी तुम्ही. दुसरं कोणी मोकळं नाहीये."

आमचा कारखाना तेलाचा. तेल साठवायच्या टाक्यांच्या तळाशी गाळ बसतो, तो कुजतो, आणि अधूनमधून माणसाने आत उतरून खरवडावा लागतो. कुजक्या गाळातून वायू सुटतो. आधी नाकाला झोंबतो, मग नाकच मरतं आणि काही कळेनासं होतं, आणि मग माणूस आडवा. म्हणून एक जण आत आणि एक जण वर, टाकीच्या तोंडाशी. आतल्याच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोर वरच्या तिपाईच्या चरखीला. वरच्याने थोड्या थोड्या वेळाने दोराला एक झटका द्यायचा, म्हणजे ‘ठीक का?’ आतल्याने उलट एक झटका द्यायचा, म्हणजे ‘ठीक.’ उलट झटका आला नाही तर चरखीचा दांडा फिरवून माणूस वर घ्यायचा. पण वरच्याने आत जायचं नाही. काही झालं तरी जायचं नाही. झाकणावर लाल रंगात तसं लिहिलंय.

माझ्या नवऱ्याला लिहिता-वाचता उत्तम येत होतं. तरी तो गेला.

तेव्हा चरखी नव्हती, नुसता दोर होता. आत भाऊजी होते. टाकीतल्या वाफेच्या नळ्यांमागच्या कोपऱ्यात हात पोचेना, म्हणून या शहाण्यांनी पट्टा सोडला. आणि तिथेच कोसळले. नवऱ्याने दोर ओढला तर रिकामा पट्टा वर आला. तो तसाच खाली उतरला, धाकट्या भावाला पट्टा बांधला, आणि लोकांनी भाऊजींना वर ओढलं. दोर पुन्हा खाली सोडला तेव्हा तो धरायला खाली कोणी शुद्धीवर नव्हतं.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, त्याने ख्रिस्तासारखं केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, मला ख्रिस्त नको होता, मला नवरा हवा होता. ख्रिस्त तर आधीच एक होता की. त्या दिवसापासून माझं देवाशी बोलणं बंद झालं. चर्चला जात राहिले ते सासूबाईंना हात द्यायला आणि मुलीला वळण लागावं म्हणून.

मालक घरी भेटायला आले, खुर्चीच्या काठावर बसून आता काय करता येईल असं विचारू लागले, तेव्हा मी फाडकन म्हटलं, "वरच्या माणसाला बांधून ठेवा! गुरासारखं बांधा, म्हणजे कोणी उडी मारणार नाही." रागाने बोलले होते. पण त्यांनी ते खरंच केलं. आता तोंडाशी बसणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला आखूड साखळी असते, ती भिंतीतल्या कडीला कुलूप लावून अडकवतात, आणि किल्ली मुकादमाकडे. चरखीपर्यंत हात पोचतो, टाकीत जाता येत नाही. कारखान्यात तिला ‘वहिनींची साखळी’ म्हणतात. पुढे मला नोकरी देऊ केली तेव्हा मी तोंडाशी बसायचंच काम मागितलं. लोकांना वाटलं, बाई दुःखाने खुळावली. मला वाटलं, आत न जाण्याचं काम माझ्याइतकं चांगलं कोण करणार?

आणि केलंही. सगळ्यांचे दोर धरले. फक्त भाऊजींचा नाही. मुकादम समजूतदार होता, तो आमची गाठ पडू देत नसे.

म्हणून त्या रविवारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. भीती टाकीची नव्हती. मला माझ्या हाताची भीती वाटत होती. समजा, उलट झटका आला नाही आणि माझा हात दांड्याकडे गेलाच नाही तर? जरासा थांबला, एवढंच. कोणाला कळणारही नाही. हा विचार मी बोलावला नव्हता. आगंतुक पाहुण्यासारखा आला, पाय पसरून बसला, आणि काही केल्या उठेना.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब खुर्च्या एकावर एक रचत होते. त्यांना मदत करायचं निमित्त करून मी थांबले.

"पाळकसाहेब, माणसाला स्वतःच्याच हाताची भीती वाटली तर काय करायचं?"

"कंप सुटतो का? डॉक्टरला दाखवलंत?"

"कंप सुटला तर बरंच. हा हलणारच नाही अशी भीती आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मला वाटलं, आता प्रवचन. पण ते म्हणाले, "मलाही भीती वाटतेय."

"तुम्हाला कशाची?"

"आता तुम्हाला काय सांगायचं याची." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "देवाला सांगितलंत हे?"

"आमचं बोलणं बंद आहे."

"मग भांडा त्याच्याशी. भांडणात निदान बोलणं तरी होतं."

मला त्यांचा राग आला. एवढी वर्षं चर्च चालवून यांच्याकडे एवढंच! पण खरं सांगायचं तर, त्यांनी जर ‘तुम्ही असं करणारच नाही’ म्हटलं असतं, तर मला जास्त भीती वाटली असती.

संध्याकाळी जेवताना भाऊजींनी ताटावरून नजर न काढता विषय काढला. ते मोजकंच बोलतात. नळ दुरुस्त करतात, मुलीच्या सायकलला तेल घालतात, भिंतीला रंग देतात, आणि गप्प. एकदाच, पुष्कळ आधी, याच टेबलाशी त्यांनी माझी माफी मागितली होती. मी उठून भांडी घासायला गेले होते. पुन्हा त्यांनी मागितली नाही.

"वहिनी, उद्याचं तुम्हाला नको असेल तर मी मुकादमाला सांगतो. आठवडाभर थांबेल काम."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे," ते म्हणाले. "तुमच्या हातात दोर असला तर मला बरं वाटेल."

शिवी दिली असती तर सोसली असती. मी उठले आणि घासलेलीच ताटं पुन्हा घासायला लागले. सासूबाई हळूहळू चालत मागे आल्या. मुलगी पलीकडे अभ्यास करत होती, म्हणून त्या अगदी कानाशी बोलल्या.

"एक गेला. दुसरा उद्या तुझ्या हातात."

"आई, मला घाबरवू नका."

"मी घाबरलेय. मग तू का नाही घाबरायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून ताट घेतलं आणि पुसून ठेवलं. म्हातारीला सगळं कळलं होतं. तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध प्यावं तसंच.

सकाळी कारखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा मी पाळकसाहेबांचं ऐकलं. मनात म्हटलं, ‘असशील तर माझा हात धर. नसशील तर तसं स्पष्ट सांग, म्हणजे मी तुझी वाट बघायची थांबेन.’ काही झालं नाही. पहारेकऱ्याने रोजच्यासारखं ‘या वहिनी’ म्हटलं, मागून ट्रक आला, मी बाजूला झाले. दोराला झटका दिला, उलट झटका नाही. इतकी वर्षं असंच तर चाललं होतं.

मुकादमाने हवा तपासायचा मीटर सुतळीला बांधून टाकीत सोडला, वर काढला, हिरवा दिवा दाखवला. पंख्याची जाड नळी आत सोडली. मग भाऊजींचा पट्टा तपासायचा, आणि ते काम तोंडाशी बसणाऱ्याचंच. मी प्रत्येक बक्कल ओढून बघितलं.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

"तुमच्या शब्दावर या कारखान्याने एकदा विश्वास ठेवला होता."

माझी जीभ अशी. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मला पुन्हा सगळी बक्कलं ओढू दिली. मुकादमाने हसत माझ्या कमरेला साखळी लावली. "वहिनींची साखळी वहिनींनाच," म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकून पलीकडच्या टाकीकडे निघून गेला. भाऊजी शिडीवरून उतरत गेले. आधी पाय दिसेनासे झाले, मग खांदे, मग डोक्यावरचा दिवा तेवढा खाली हलत राहिला.

मी झटका दिला. उलट झटका आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. खालून फावड्याची खरखर येत होती. प्रत्येक वेळी झटका देताना वाटायचं, आता नाही येणार. आणि तो आला की अंग सैल पडायचं, आणि लगेच पुढच्या झटक्याची भीती. म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझा ब्रह्मराक्षस तर माझ्याच मनगटाला चिकटलेला होता. मी त्या हाताकडे बघत होते. नेहमीचाच हात, भाजल्याचा डाग असलेला. तो काय करेल, मला खरंच माहीत नव्हतं.

मग खालून शिट्टी आली.

आतल्या माणसाच्या पट्ट्याला छोटा मीटर असतो. हवा बिघडली की तो शिट्टी मारतो. वरचा कडक थर फोडताना खालचा वायू मोकळा झाला असणार. मी झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला, जोरात. दिवा खाली होता, पण हलत नव्हता.

आणि माझा हात थांबला.

खरंच थांबला. दांडा समोर, हात दांड्यापासून वीतभर, आणि मी त्याच्याकडे बघतेय. खाली शिट्टी वाजतेय. किती वेळ, सांगता येत नाही. एक श्वास असेल. पण त्या श्वासात मी अशा जागी उभी होते की तिथे उभं राहायची वेळ वैऱ्यावरही न येवो. आपण खरंच तसे आहोत, हे कळायची ती जागा होती.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. आठवते ती कमरेतली कळ. माझा एक पाय टाकीच्या तोंडातून आत गेला होता आणि शिडीची पायरी शोधत होता. साखळी ताठ झाली होती. मी तिला दोन्ही हातांनी हिसके देत होते, तिला शिव्या घालत होते, "सोड मला, सोड!" म्हणून ओरडत होते. साखळी आणखी चार बोटं लांब असती तर मी उतरले असते, आणि आज हे सांगायला नसते. आत न जाण्यात माझ्याइतकी पटाईत बाई नाही म्हणे!

साखळी तुटली नाही. पाय बाहेर घ्यावाच लागला. मी मदतीला बोलवायचा भोंगा दाबला आणि दांडा धरला. दोर ताठला, आणि अडकला. वाफेच्या नळ्या. तशाच नळ्या, आणि तसाच कोपरा. मी जीव खाऊन जोर लावला. दोर एक बोटभरही हलला नाही.

हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अडकलेला दोर ओढला की जास्त रुततो. आधी सैल सोडायचा, बाजूला झुलवायचा, मग ओढायचा. शिकवताना हे सोपं वाटतं. पण खाली माणूस मरत असताना, सगळं अंग ‘ओढ, ओढ’ म्हणत असताना, हाताने सोडायचं! माझे हात सोडेनात. मघाशी जो हात दांडा धरत नव्हता तोच आता दांडा सोडत नव्हता. भीतीने मला हुंदका फुटला, आणि मी मोठ्याने म्हटलं, "मी सोडतेय. तू धर त्याला. मी सोडतेय रे!"

कोणाला म्हटलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

दोर सैल पडला. मी तो झुलवला, पुन्हा झुलवला. नळीवरून घसरल्याचं मनगटाला जाणवलं. मग दांडा फिरवला आणि दोर जड होऊन वर यायला लागला. मुकादम धावत आला तेव्हा भाऊजींचं डोकं तोंडातून वर येत होतं, मान एका बाजूला पडलेली, ओठ निळे. आम्ही त्यांना काँक्रीटवर आडवं केलं. मुकादमाने तोंडावर प्राणवायूचा मुखवटा दाबला. मी त्यांच्या गालावर चापट्या मारत होते, "भाऊजी, ओ भाऊजी, माझं ऐका जरा!" आयुष्यात त्या माणसाने माझं सगळं ऐकलं होतं. त्या वेळी मात्र पुष्कळ वेळ घेतला. मग ते खोकले.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. घड्याळाकडे लक्ष गेलं, मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. आणि मी गार पडले.

टाकीत पाय घालताना मला माझी मुलगी आठवली नव्हती.

बाप नसलेल्या पोरीची आई मी. तिच्यासाठी जगतेय असं सगळ्यांना सांगत फिरणारी. आणि तिचा चेहरा, तिचं नाव, काही म्हणजे काही मनात आलं नव्हतं. खाली एक माणूस पडलाय, एवढंच होतं. इतकी वर्षं मी मेलेल्या नवऱ्याला एकच विचारत होते, ‘उतरताना तुला मी आठवले का रे? की तुझा भाऊ माझ्यापेक्षा मोठा झाला?’ आता उत्तर मिळालं. नाही आठवले. त्याने मला एका पारड्यात आणि भावाला दुसऱ्यात ठेवलंच नव्हतं. तिथे तराजूच नसतो. माझ्या मुलीवरचं माझं प्रेम त्या क्षणी तिळभरही कमी नव्हतं, तसंच त्याचंही नसणार. फक्त त्याच्या कमरेला साखळी नव्हती.

मी तिथेच ढसाढसा रडले. नर्सने पाणी आणून दिलं आणि "तुमचे कोण?" असं विचारलं. "दीर," म्हटलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, "चांगला माणूस आहे," असंही म्हटलं.

पाण्याचा पेला धरून बसले असताना मला दुसरीच भीती शिरली. लहानपणापासून ऐकत आले होते की कोणीतरी माझ्यासाठी खाली उतरला, मरणात उतरला. ऐकून ऐकून ते भिंतीवरच्या चित्रासारखं झालं होतं. आता वाटलं, हे खरं असेल तर? तो असाच उतरला असेल, मी कशी आहे हे न तोलता. वीतभर अंतरावर हात थांबवणारी बाई आहे हे पुरतं माहीत असून? मला ते खरं वाटलं. कसं, ते विचारू नका. आणि खरं वाटल्यावर सुटल्यासारखं वगैरे काही झालं नाही. मी आणखीच घाबरले. कारण आता माझ्याकडे गप्प बसायला निमित्त उरलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊजींना बोलता यायला लागलं. आवाज घोगरा होता. सासूबाई त्यांच्या उशाशी बसून त्यांचा हात चोळत होत्या, जणू लेक आत्ताच जन्मला होता.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "मुकादम सांगत होता, साखळीने तुमचा पट्टा फाटायचा बाकी होता. तुम्ही आत येत होतात?"

"काहीतरीच! पट्टा सैल होता, घट्ट करत होते."

ते हसले आणि खोकले. मी त्यांना पाणी पाजलं. मग म्हटलं, "भाऊजी, माझा हात थांबला होता. आधी. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

सासूबाईंचा चोळणारा हात जागीच राहिला.

"मग हलला ना?" भाऊजी म्हणाले.

"हलला."

"मग झालं," म्हणाले, आणि डोळे मिटले. सासूबाई पुन्हा हात चोळायला लागल्या.

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. भाऊजींना उभं राहवत नव्हतं, ते बसूनच प्रार्थना म्हणत होते. मुलगी माझ्या दुसऱ्या बाजूला होती. ती ओळ जवळ यायला लागली तशी वाटलं, नाही जमणार, आवाज फुटणार नाही, फुटला तर खोटा वाटेल. कमरेवर साखळीचा काळानिळा वळ होता, बाकाला टेकला की ठणकायचा. मी मुद्दाम टेकून बसले.

सासूबाईंनी सवयीप्रमाणे आवाज चढवायला मोठा श्वास घेतला. तेवढ्यात मी म्हणाले. चोरट्या आवाजात, अडखळत, एक शब्द मागेपुढे करून, पण ती ओळ मी पुरी म्हटली. भाऊजींनी बुटांवरची नजर उचलली.

सासूबाईंनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. त्या ओळीला त्या पहिल्यांदाच गप्प राहिल्या, आणि माझा वाटा मला भरू दिला.